पगार कोणाचा? चिनहटच्या एका घरापासून गोव्याच्या कायद्यापर्यंत

आजची गोष्ट आयकराची आहे, पण घाबरू नका. कलमांची यादी वाचून दाखवणार नाही. लखनौजवळच्या चिनहटपासून सुरुवात करू, मुंबईच्या एका बॅरिस्टरला भेटू, रायगडातल्या एका अर्थमंत्र्याला भेटू आणि गोव्यात जाऊन पोहोचू.

चिनहट म्हणजे लखनौहून अयोध्येकडे निघालं की लागणारं जुनं गाव. एकेकाळी तिथल्या चिनीमातीच्या भांड्यांचं नाव होतं. आता शहराने ते गिळलंय. उंच इमारती, कोचिंग क्लास, गाड्यांची शोरूम. तिथे आमचे एक स्नेही राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, खासगी कंपनीत मोठ्या पदावर. वहिनी पुण्यात शाळेत शिकवत होत्या. बदली झाली, धाकटं मूल लहान, सासर-माहेर दोन्ही दीड हजार किलोमीटरवर. नोकरी सुटली ती सुटलीच. मी गेलो तेव्हा जुलै महिना होता, विवरणपत्रं भरायचे दिवस. जेवण झाल्यावर स्नेही म्हणाले, "तुम्ही इतिहासवाले ना? मग सांगा, आमच्यावर हा दुप्पट कर कोणत्या काळापासून आहे?"

दुप्पट नव्हे, खरं तर जास्तच. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचा हिशेब बघा. एका घरात नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, प्रत्येकाचा पगार वर्षाला १२ लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट, वर कलम ८७अ ची सूट. दोघांचा मिळून आयकर शून्य. शेजारच्या घरात एकटा नवरा कमावतो, पगार २४ लाख. घरात येणारा पैसा तेवढाच. पण त्याचा कर उपकरासह होतो २ लाख ९२ हजार ५०० रुपये. आणि या दुसऱ्या घरात मुलांना सांभाळणारी, स्वयंपाक करणारी, म्हाताऱ्यांची औषधं बघणारी व्यक्ती पूर्णवेळ घरीच आहे.

आता यावर लगेच दोन बाजू होतात. एक म्हणते, हा अन्याय आहे, एकाच कमाईवर चालणाऱ्या कुटुंबाला करात सूट हवी. दुसरी म्हणते, दोघांनी नोकरी करायची म्हणजे पाळणाघर, बाई, रिक्षा, डबा यांचा खर्च; घरी कोणी असेल तर तो वाचतो, मग सूट कशाला? दोन्हीत तथ्य आहे. पण मला त्या रात्री वेगळंच कुतूहल वाटलं. आपल्याकडे कर लावणाऱ्याने कुटुंबाकडे पाहिलं कधी आणि पाठ फिरवली कधी?

आणि योगायोग असा, की ही गोष्ट सुरू होते त्या घरापासून थोड्याच अंतरावर.

३० जून १८५७. अवधचे चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स लखनौ रेसिडेन्सीतून फौज घेऊन बाहेर पडले. उठाववाल्यांची आघाडी पुढे येतेय अशी खबर होती. चिनहटजवळ इस्माईलगंजच्या शिवारात गाठ पडली. समोरची फौज अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघाली, तिचं नेतृत्व बरकत अहमद करत होते. इंग्रजांचे देशी गोलंदाज फिरले, गोऱ्या शिपायांची कडक उन्हात वाताहत झाली आणि लॉरेन्सला माघार घ्यावी लागली. रेसिडेन्सीला वेढा पडला. लॉरेन्स ४ जुलैला जखमांनी वारले. वेढा पूर्णपणे सुटायला नोव्हेंबर उजाडला.

उठाव मोडला, पण कंपनीच्या जागी आलेल्या राणीच्या सरकारच्या हाती तिजोरी रिकामी आणि डोक्यावर कोट्यवधी पौंडांचं कर्ज आलं. ते निस्तरायला लंडनहून जेम्स विल्सन यांना धाडलं. टोप्यांच्या धंद्यातून वर आलेला हा माणूस, 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचा संस्थापक. १८ फेब्रुवारी १८६० ला त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि हिंदुस्थानात पहिल्यांदा आयकर आणला. कायदा २४ जुलै १८६० पासून लागू झाला. आजही तो दिवस आयकर दिन म्हणून पाळतात. वर्षाला २०० रुपयांच्या आत मिळकत असेल तर माफी, २०० ते ५०० वर दोन टक्के, त्यावर चार टक्के. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला तर त्यांना परत बोलावलं. विल्सन स्वतः कर लागू झाल्यावर तीन आठवड्यांत, ऑगस्टमध्ये कलकत्त्यात गेले. म्हणजे चिनहटच्या रस्त्यावर आज जो पगारदार माणूस आयकर भरतो, त्या कराचं पहिलं बिल १८५७ च्या लढायांचं होतं.

(सत्तावन साल म्हटलं की मराठी माणसाला विष्णुभट गोडसे आठवतातच. वरसईचा हा भिक्षुक घरावरचं कर्ज फेडायला, दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाला आणि बंडात सापडला. घरातला एक कमावता बाहेर आणि बाकी सगळं घर गावी, ही आपली जुनीच रीत. पुढे कोकणातल्या चाकरमान्यांनी मुंबईच्या गिरण्यांतून मनीऑर्डरी पाठवल्या, त्याही याच रीतीने. फक्त तेव्हा गावी राहिलेल्या बाईला 'घरी बसलेली' म्हणायची कोणाची छाती नव्हती. भातलावणी कोण करत होतं?)

विल्सनचा कर पाच वर्षांत बंद झाला, मग पुन्हा वेगवेगळ्या नावांनी आला-गेला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा मुक्काम ठोकला. त्या कायद्यात साहेबासमोर प्रश्न पडला, की या देशात मिळकत 'माणसाची' असते की 'घराची'? चुलते-पुतणे एका चुलीवर जेवतात, दुकान एक, वाडा एक. कायद्याने 'हिंदू अविभक्त कुटुंब' ही करदात्याची एक जात मान्य केली. कुटुंबाने कर भरला असेल, तर त्यातून सदस्याच्या वाट्याला आलेल्या पैशावर पुन्हा कर नाही. १९२२ च्या कायद्यात ते कायम राहिलं, १९६१ च्या कायद्यात राहिलं, आजही आहे. सीए लोक ज्याला 'एचयूएफ' म्हणतात ते हेच.

मग आमच्या साताऱ्याच्या स्नेह्यांना एचयूएफ करून पगार त्यात टाकता येईल का? नाही. वडिलोपार्जित वाड्याचं भाडं टाकता येईल, पगार नाही. का नाही, याची कहाणी मला या सगळ्या विषयात सर्वांत रोचक वाटते.

जुन्या हिंदू कायद्यात एक तत्त्व होतं. कुटुंबाच्या पैशाने शिकून कोणी विशेष विद्या मिळवली, तर त्या विद्येची कमाई कुटुंबाची. पूर्वी हा प्रश्न कधीमधी यायचा. इंग्रजी शिक्षण आलं, वकील, डॉक्टर, मुन्सफ झाले, आणि प्रश्न घरोघरी आला. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधल्या एका अधिकाऱ्याचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. घरच्या पैशाने तो विलायतेला जाऊन परीक्षा पास झाला होता. १९२१ साली निकाल लागला: त्याची कमाई एकत्र कुटुंबाची. म्हणजे पगार साहेब घेणार आणि त्यावर हक्क भाऊबंदांचाही. शिकलेल्या वर्गात खळबळ माजली, हे वेगळं सांगायला नको.

त्यावर तोड काढली ती मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी. त्यांच्या प्रयत्नाने १९३० साली 'हिंदू गेन्स ऑफ लर्निंग अॅक्ट' झाला. आपण त्याला विद्याधन कायदा म्हणू. शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, शिकताना बायकापोरांना कोणीही पोसलेलं असो, विद्येची कमाई ज्याची त्याची. त्या दिवशी पगार कायद्याने कुटुंबातून बाहेर पडला आणि व्यक्तीचा झाला.

हे चूक होतं असं मी म्हणत नाही. आळशी भावाने कष्टाळू भावाच्या पगारात वाटा मागायचा, हे किती दिवस चालणार? आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १९३० च्या आधी ज्या 'कुटुंबा'चा पगारावर हक्क होता, त्यात बाप होता, भाऊ होते, मुलगे होते. बायको नव्हती. तिला अन्नवस्त्र मिळत होतं, हिस्सा नव्हे. त्यामुळे जयकरांच्या कायद्याने तिच्याकडून काही काढून घेतलं असं म्हणता येत नाही. तिच्याकडे काही नव्हतंच. फक्त पगाराचा मालक ठरवायची वेळ आली तेव्हा तिचं नाव कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

सात वर्षांनी, १९३७ साली, एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गोपाळराव देशमुख यांनी केंद्रीय विधिमंडळात लावून धरलेला हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. विधवेला नवऱ्याच्या हिश्शात मर्यादित का होईना, हक्क मिळाला. आणि त्याच वर्षी आयकर कायद्यात दुरुस्ती झाली: नवऱ्याने बायकोला भागीदार केलं किंवा तिच्या नावावर मालमत्ता केली, तर तिचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरून कर लावायचा. कारण उघड होतं. कर वाचवायला पेढीवाल्यांनी बायकांना कागदोपत्री भागीदार करण्याचा सपाटा लावला होता. पुढे १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली आणि ती १९६१ च्या कायद्यात कलम ६४ म्हणून आली. आजही नवऱ्याने बायकोला दहा लाख दिले आणि तिने ते बँकेत ठेवले, तर व्याजावरचा कर नवऱ्याच्या नावावर.

इथे मला सरकारचा थोडा राग येतो. नवऱ्याने बायकोला पैसे दिले, की सरकार म्हणतं, तुम्ही दोघं एकच. त्याच पगारातून तिला पोसायचं आहे, तेवढं तरी करातून सोडा म्हटलं, की सरकार म्हणतं, तुम्ही दोघं वेगळे. घ्यायच्या वेळी कुटुंब आणि द्यायच्या वेळी व्यक्ती, असा हा हिशेब.

पण नेहमीच असं नव्हतं. पंधराएक वर्षं आपल्याकडे वेगळा कारभार होता, आणि तो सुरू केला एका मराठी माणसाने.

चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्म, आयसीएस परीक्षेत चमकलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५० ते ५६ देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या काळात डॉ. जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखाली करचौकशी आयोग नेमला होता. आयोगाने म्हटलं, की कराची पायरी ठरवताना कुटुंबाचा भार बघितला पाहिजे. १९५५ च्या अर्थसंकल्पात देशमुखांनी ते उचललं. तोवर पहिल्या १,५०० रुपयांवर कर नव्हता. देशमुखांनी विवाहितांसाठी ही मर्यादा २,००० केली आणि अविवाहितांसाठी १,००० वर आणली. म्हणजे लग्न झालेल्याला दिलं ते काही अंशी सड्याफटिंगाच्या खिशातून. दोन वर्षांनी कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना पुढचं पाऊल पडलं. बिनामुलांच्या जोडप्याला ३,००० पर्यंत सूट, एक मूल असेल तर ३,३००, दोन असतील तर ३,६००. अविवाहित तिथेच, १,००० वर. चाळीतल्या पोरांना लग्नाचा आग्रह करायला मावश्यांच्या हाती आणखी एक कारण आलं असणार, हा आपला माझा तर्क.

यात दोन बारकावे आहेत. पहिला, ही सूट 'बायको घरी आहे का' हे विचारत नव्हती. लग्न झालंय, एवढं पुरे होतं. त्या काळी पगारदार माणसाची बायको घरीच असणार, हे गृहीतच होतं. गंमत म्हणजे ज्यांनी ही सूट आणली त्या देशमुखांच्या पत्नी दुर्गाबाई नियोजन आयोगाच्या सदस्य होत्या आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष. गृहीतकाला सर्वांत मोठा अपवाद अर्थमंत्र्यांच्याच घरात होता.

दुसरा बारकावा: सूट नवऱ्याच्या करात होती. बायकोच्या हातात काही यावं, अशी त्यात सोय नव्हती, आणि तशी कोणी मागणी केल्याचंही माझ्या वाचनात आलेलं नाही.

पुढे सवलतीचं रूप बदलत गेलं. मग २८ फेब्रुवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी, तेव्हा पंतप्रधान आणि अर्थमंत्रीही, अर्थसंकल्प मांडला. लग्न, मुलं, अवलंबून असलेली माणसं या सगळ्या वेगवेगळ्या सवलती मोडीत काढून सर्वांना ५,००० रुपयांची एकच मर्यादा. कारण सोपेपणाचं होतं: विवरणपत्र सुटसुटीत, तपासणी कमी, आणि खालच्या थरातले बरेच करदाते कराबाहेर. त्याच काळात सरकार भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण काढून कुटुंब लहान ठेवा म्हणून सांगत होतं. मुलांच्या संख्येवर करसूट देणं त्याच्याशी जुळणारं नव्हतंच. भारतात अर्थसंकल्प मांडणारी पहिली स्त्री, आणि तिच्याच हातून आयकरातली 'बायको' पुसली गेली.

नंतर 'स्त्री' आयकरात परत आली, पण वेगळ्या दाराने. २००० सालापासून कमावत्या स्त्रियांना करात सूट मिळू लागली, मग त्यांची करमुक्त मर्यादाच पुरुषांपेक्षा जास्त ठेवली, आणि २०१२-१३ पासून तोही फरक गेला. घरी असणाऱ्या बाईचा याच्याशी संबंध नव्हता.

आता गोव्याला चला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगीज नागरी संहिता तिथे राहिली. ही संहिता १८६७ ची. गंमत बघा, आपल्या आयकर कायद्यात तिचं साल '१८६०' असं छापलंय. (विल्सनच्या कराचं साल. मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात काय घोळत होतं कोण जाणे.) या संहितेप्रमाणे लग्न झालं, आणि आधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते. दोघांचा त्यात निम्मा-निम्मा हक्क. मेल्यावर नव्हे, घटस्फोटानंतर नव्हे. लग्नाच्या दिवसापासून. धर्म कोणताही असो.

भारताचा आयकर गोव्यात आला तेव्हा अधिकाऱ्यांना कळेना, की मडगावच्या दुकानाचं उत्पन्न कोणाच्या नावावर लावायचं. नवऱ्याच्या, दोघांच्या, की दोघांच्या मिळून एखाद्या मंडळाच्या? खटले चालत राहिले. शेवटी १९९४ च्या वित्त कायद्याने कलम ५अ घातलं, तेही १ एप्रिल १९६३ पासून मागे जाऊन. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीत जे जोडपं या संहितेखाली येतं, त्यांचं भाड्याचं, धंद्याचं, व्याजाचं उत्पन्न दोघांत समान वाटायचं आणि प्रत्येकाने आपल्या निम्म्यावर कर भरायचा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद ठेवली आहे.

हिशेब करून बघू. चिनहटला एका दुकानदाराला वर्षाला २४ लाख नफा होतो, बायको घर सांभाळते. त्याचा कर ३ लाख १२ हजार. मडगावच्या दुकानदाराला तेवढाच नफा, त्याची बायकोही घर सांभाळते. कायदा १२ लाख त्याच्या नावावर धरतो, १२ लाख तिच्या. दोघांचाही कर शून्य. एकाच देशात, एकाच वर्षात, एकाच कायद्याखाली.

म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाईला आयकराने मोजायचं की नाही, हा भारतात नुसता कल्पनेतला प्रश्न नाही. एका राज्यात तिला पूर्ण निम्मं मोजलं जातं. गोव्याने तिच्यावर उपकार म्हणून सूट दिलेली नाही. पैसा खरोखर निम्मा तिचा आहे, म्हणून कर निम्मा तिच्या नावावर. कर मालकीच्या मागून चालत आला.

पण थांबा. कलम ५अ मध्ये दोन शब्दांचा अपवाद आहे: 'पगार सोडून'. पणजीत स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरची कमाई निम्मी पत्नीच्या नावावर जाते. त्याच रस्त्यावर रुग्णालयात नोकरी करणाऱ्या डॉक्टरचा पगार पूर्ण त्याचाच. लखनौच्या आमच्या स्नेह्यांची कंपनीने गोव्याला बदली केली, तरी त्यांचे २ लाख ९२ हजार वाचणार नाहीत.

एचयूएफमध्ये वाड्याचं भाडं चालतं, पगार नाही. गोव्यात दुकानाचा नफा वाटतात, पगार नाही. आपल्या आयकराला जिथे इस्टेट दिसते तिथे कुटुंब दिसतं. पगार दिसला, की एकटा माणूस. मधली देशमुखांची पंधरा वर्षं तेवढी वेगळी.

अमेरिकेत नेमका असाच पेच पडला होता. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत नवरा-बायकोची समाईक मालमत्ता मानायची पद्धत आहे, स्पॅनिश-फ्रेंच कायद्याची देणगी. १९३० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या राज्यांत उत्पन्न निम्मं-निम्मं धरून कर लावा, आणि त्यात पगारही धरला. मग बाकीच्या राज्यांच्या पोटात दुखलं. ओक्लाहोमा, ओरेगन, मिशिगन यांनी १९४० च्या दशकात केवळ कर वाचावा म्हणून समाईक मालमत्तेचे कायदे केले. शेवटी १९४८ मध्ये काँग्रेसने देशभर संयुक्त विवरणपत्राची सोय केली. आणि काय झालं? त्या राज्यांनी आपले नवे कायदे लगेच रद्द केले. करसवलत मिळाली, आता बायकोला निम्मी मालकी द्यायचं कारण उरलं नाही! हा प्रसंग मी विसरू शकत नाही. सूट घराला मिळाली आणि हक्क बाईच्या हातून गेला.

जर्मनीत १९५८ पासून जोडप्याचं उत्पन्न एकत्र करून दोन भाग करतात. तिथल्या अनुभवावरून आक्षेप असा आहे, की बाई पुन्हा नोकरीला निघाली, की तिच्या पहिल्या युरोवरच नवऱ्याच्या चढ्या दराने कर बसतो, म्हणून कित्येकजणी अर्धवेळ कामावर थांबतात. आपल्याकडे आधीच थोड्या बायका नोकरी करतात. हा आक्षेप हलका नाही.

आता घरकामाचं मोल. ते आपल्याकडे आयकर खात्याने नाही, न्यायालयांनी ठरवलं, आणि तेही बाई मेल्यावर. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला टाटा स्टीलच्या समारंभात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरून भरपाई ठरवली. २०१० मध्ये उत्तर प्रदेशातून, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालावर आलेल्या एका अपिलात न्यायमूर्ती सिंघवी आणि गांगुली यांनी गृहिणीची भरपाई वाढवली. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवलं जातं, यावर न्या. गांगुली यांनी तिथेच कोरडे ओढले. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात न्या. रमणा यांनी २०११ च्या जनगणनेचा आकडा दिला: घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी, पुरुष ५८ लाखांच्या आत. आणि वेळेचं म्हणाल, तर २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्यांत बायकांचा दिवसाला त्यावर जाणारा वेळ सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८.

या १६ कोटींपैकी करसवलतीचा फायदा किती जणींच्या घराला होईल? इथे मी आमच्या स्नेह्यांशी वाद घातला. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करच नाही. चिनहटच्या गल्लीत उंबऱ्यावर बसून चिकनची कशिदाकारी करणारी बाई नगावर पैसे घेते, तिचा नवरा ई-रिक्षा चालवतो. त्यांना आयकरातली सूट देऊन काय मिळणार? त्यांच्यासाठी राज्यांनी वेगळी वाट काढली. गोव्यानेच २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना 'गृह आधार' योजना आणून गृहिणींना महिन्याला पैसे द्यायला सुरुवात केली. तमिळनाडूने २०२३ मध्ये हजार रुपये 'हक्काची रक्कम' म्हणून दिले. महाराष्ट्राच्या २०२४ च्या 'लाडकी बहीण'मध्ये १,५०० रुपये मिळतात, आणि अट अशी, की घरात कोणी आयकर भरणारा नको. तिथे पैसा थेट बाईच्या खात्यात जातो, हे विसरू नका.

चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सुचवलं होतं, की इच्छा असेल त्या जोडप्यांना संयुक्त विवरणपत्र भरू द्यावं. सरकारने तेव्हा ते घेतलं नाही. माझं मत विचाराल तर, पगारदार नवऱ्याच्या करात नुसती सूट द्यायला मी फारसा राजी नाही. ते १९५५ मध्ये करून झालं. पण एखाद्या नवऱ्याला आपला पगार निम्मा बायकोच्या नावावर दाखवून कर वाचवायचा असेल, तर तो निम्मा पैसा खरोखर तिच्या खात्यात जावा, तिच्या मालकीचा व्हावा, उद्या भांडण झालं तरी परत मागता येऊ नये, आणि कलम ६४ ने तिथे आडवं येऊ नये. गोव्याच्या कलमातले 'पगार सोडून' हे शब्द काढा आणि ज्या जोडप्याला ही निम्म्या मालकीची अट मान्य आहे त्याला देशभर ती सोय द्या, एवढी माझी मागणी आहे. किती नवरे तयार होतील, ते बघायची मला फार उत्सुकता आहे.

हे मी त्या रात्री बोललो तेव्हा स्नेही म्हणाले, "निम्मा तिच्याच तर हातात असतो!" वहिनी आतून सुपारीचा डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "हातात असतो. खात्यात नसतो." मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

नंतर स्नेह्यांनी लॅपटॉप उघडला. काही शेअर विकले होते, म्हणून त्यांना मोठं विवरणपत्र, आयटीआर-२, भरायचं होतं. त्यात एका ठिकाणी विचारलेलं असतं: तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का? देशभरातल्या लोकांना हा प्रश्न दरवर्षी दिसतो आणि जवळजवळ कोणालाच कळत नाही, की तो आपल्याला का विचारतात. वहिनी खुर्चीमागे उभ्या राहून वाचत होत्या. "हे काय असतं?" त्यांनी विचारलं. स्नेह्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, 'नाही'वर टिचकी मारली आणि पुढचं पान उघडलं.